पॉइंटरला कितीही पळवा, रात्री पुन्हा तोच धुडगूस : तक्रार परत परत का येते आणि काय करायचं

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर ही शिकारी कुत्र्याची जात पाळणाऱ्यांची तक्रार जवळजवळ ठरलेली असते. सकाळी तासभर पळवून आणलं, संध्याकाळी पुन्हा तासभर चेंडू टाकला, तरी रात्री आठच्या सुमारास गडी सोफ्यावरून पलंगावर आणि पलंगावरून दारापाशी. उशी फाडतो, शर्टाची बाही ओढतो, खिडकीतून जे दिसेल त्यावर भुंकतो, नाहीतर सारखा पायांत येऊन कुईकुई करतो. कुणीतरी सांगतं, "अजून पळवा, एनर्जी जिरत नाहीये त्याची." मग सायकलबरोबर धाववणं सुरू होतं. आठवडाभर घर शांत राहतं. नंतर पुन्हा तेच, आणि आता पूर्वीच्या अंतराने त्याला धापसुद्धा लागत नाही.

यात नवल काही नाही. रोज पळणाऱ्याचा दम वाढतो, कुत्र्याचाही. थकवायला म्हणून पळवत राहिलात तर हाती येतो तो आणखी तयारीचा धावपटू, आणि या जातीशी पळण्याच्या शर्यतीत माणूस कधीच जिंकणार नाही.

हा कुत्रा कशासाठी घडवला गेला ते आधी पाहायला हवं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन शिकाऱ्यांना एकाच कुत्र्याकडून सगळी कामं हवी होती : रानात पक्षी शोधायचा, सापडला की जागच्या जागी थिजून दाखवायचा, जखमी जनावराचा माग काढायचा, पडलेली शिकार जमिनीवरून आणि पाण्यातूनही आणून द्यायची. दिसण्यापेक्षा काम आधी, असा आग्रह धरणाऱ्यांत प्रिन्स आल्ब्रेख्त झू सोल्म्स-ब्राउनफेल्स यांचं नाव घेतलं जातं. जर्मनीत तरुण पॉइंटरची शरद ऋतूतली कामाची परीक्षा आजही 'सोल्म्स' या नावानेच ओळखली जाते. खांद्यापाशी साधारण ६० सेंमी उंच आणि २५ ते ३० किलोच्या आसपासचा हा प्राणी दिवसभर रान तुडवू शकतो हे खरं. पण रान तुडवणं हे त्याचं काम नव्हे, कामावर पोचण्याची ती वाट. कामाचा गाभा दोनच गोष्टींत : नाकाने शोधणं आणि सापडल्यावर थांबणं. आपण त्याला फक्त वाट चालवतो आणि कामाच्या तोंडावरून परत आणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. तक्रार परत येते, कारण उपाय पायांवर होतो आणि भूक नाकाची आणि डोक्याची असते. पण त्याआधी एक शंका फेडून घ्यायला हवी.

हा खरंच जास्तीच्या शक्तीचा प्रकार आहे का?

शांत असलेला मोठा कुत्रा अचानक अस्वस्थ झाला असेल, तर प्रशिक्षणाचा विचार बाजूला ठेवून आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा. लोंबत्या कानांत होणारा संसर्ग, खाज, सांधेदुखी, पोटातले जंत, लघवीचा त्रास यांपैकी काहीही 'एनर्जी'चं सोंग घेऊन येऊ शकतं. कुत्री असेल तर माजानंतर काही आठवड्यांनी दिसणारा खोटा गाभ हेही कारण असतं. खेळणी गोळा करून पिल्लासारखी जपणं, जागा उकरणं, कण्हणं हे सगळं त्यात येतं. उठताना अंग चोरतो का, एकाच बाजूला झोपतो का, कान सारखा झटकतो का, हे दोन दिवस नुसतं बघा.

दुसरी शंका झोपेची. ही फार घरांत हुकते. मोठा कुत्रा दिवसाचे साधारण १२ ते १४ तास झोपतो, लहान पिल्लू १८ ते २० तास. पॉइंटर मात्र स्वतःहून झोपायला जाणारा नाही. घरात कुणी उठलं की उठतो, दार वाजलं की धावतो, भांड्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात. दिवसभर अशी तुकड्या-तुकड्यांची झोप झाली की संध्याकाळी तो दुपारची झोप हुकलेल्या लहान मुलासारखा वागतो, आणि आपण त्याला झोपवायच्या ऐवजी पुन्हा मैदानावर नेतो.

दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण आहे. ज्याच्याकडे खरंच शक्ती शिल्लक आहे, तो काम मिळाल्यावर निवळतो : दहा मिनिटं शोधाशोध केली की पाणी पिऊन आडवा होतो. ज्याची झोप अपुरी आहे, तो खेळायला लागल्यावर आणखी बिघडतो. डोळे मोठे होतात, दात जोरात लागतात, 'बस' हा रोजचा शब्दसुद्धा कानावरून जातो. असा दिसला तर चेंडू नाही, शिकवणी नाही. अंधारी, शांत खोली किंवा सवयीचा क्रेट (कुत्र्याच्या विश्रांतीचा पिंजरा), चावायला काहीतरी, आणि तुम्ही जवळ बसून तुमचं काम करा. दुपारी सलग दोन-तीन तास कुणी हाक मारणार नाही अशी जागा आठवडाभर देऊन पाहा. कित्येकांची आठ वाजताची तक्रार इथेच निम्मी होते आणि पुढचं काही वाचायची गरज राहत नाही.

चेंडू

आता ज्याच्यावर माझा खरा राग आहे ती गोष्ट. चेंडू टाकणं, आणणं, पुन्हा टाकणं. मालकाला सोपं, कुत्र्याला आवडतं, तेव्हा सगळे करतात. पण शिकारीची नैसर्गिक साखळी पाहा : शोध, रोखून बघणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड. चेंडूच्या खेळात यातली शेवटची दोनच उरतात, तीही एकामागून एक चाळीस वेळा. रानात असं कधी होत नाही. तिथे एका पाठलागाआधी बराच वेळ शोध असतो आणि मधे श्वास घ्यायला जागा असते. सारखा पाठलाग केला की अंग तापतं, डोकं तापतं आणि घरी आल्यावरही ते उतरत नाही. वर सुसाट धावत जाऊन एकदम वळणं, उड्या मारणं हे सांध्यांना वाईट. दीड वर्षाच्या आतल्या वाढत्या कुत्र्याला तर जास्तच, कारण हाडांची टोकं अजून पुरती भरलेली नसतात. सायकलबरोबर धाववणंही त्या वयात नको.

चेंडू बंदच करा असं मी म्हणत नाही. त्यात गाळलेला भाग परत घाला. कुत्र्याला बसवा, चेंडू उंच गवतात टाका, तो पडून स्थिर होईपर्यंत थांबवा, मग 'शोध' म्हणून सोडा. किंवा त्याला न दाखवताच आधी लपवून ठेवा. एका चेंडूमागे पाच मिनिटं नाक जमिनीला लागलं पाहिजे. असे सहा-सात फेरे पुष्कळ झाले.

लेझरचा लाल ठिपका मात्र कधीच नको, गंमत म्हणूनही नको. त्यात पकड कधीच होत नाही. काही कुत्र्यांना त्यातून सावल्या, कवडसे, घड्याळाच्या काचेची चमक यांच्यामागे लागायचं वेड जडतं, आणि ते सोडवणं फार कठीण जातं.

नाकाला काम

सुरुवात अगदी सोपी ठेवा. त्याचं रोजचं कोरडं खाणं भांड्यात न घालता गवतात विखरून टाका आणि तो काय करतो ते बघत उभे राहा. तोंड मिटलेलं, नाकपुड्या हलताहेत, शेपूट मधल्या उंचीवर, म्हणजे काम चालू आहे. तोंड उघडून धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. म्हणून पळवून आणल्यावर लगेच नाकाचं काम देऊ नका. उलट क्रम ठेवा : आधी वास, नंतर थोडं मोकळं धावणं, शेवटी पुन्हा वास.

जमायला लागलं की अवघड करा. रिकाम्या खोक्यांपैकी एकातच खाऊ. मग खोलीतल्या कपाटाच्या कडेला, खुर्चीच्या खाली, त्याच्या नाकापेक्षा थोडं उंच. वास वर-खाली कसा फिरतो हे त्याला शोधून काढावं लागतं आणि ते बघण्यासारखं असतं. बाहेर एखादं कापडी खेळणं दोरीने जमिनीवरून ओढत न्या, मधे एक-दोन वळणं घ्या, टोकाला त्याचा आवडता खाऊ ठेवा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी त्याला लांब दोरावर त्या मागावर सोडा. वाऱ्याकडे लक्ष ठेवा. वारा समोरून येत असेल तर पॉइंटर डोकं वर काढून थेट शेवटच्या टोकाकडे सुटेल. माग जमिनीवरूनच काढायला हवा असेल तर वारा पाठीवर घ्या. घरातल्या कुणाला तरी झाडामागे लपवून शोधायला लावणं हा माझा सगळ्यात आवडता प्रकार. लपलेल्याला सापडल्याचा आणि कुत्र्याला सापडवल्याचा आनंद सारखाच होतो.

असं वीस मिनिटांचं काम आणि तासभराचं सरळ रस्त्यावरचं चालणं यांत मी वीस मिनिटं निवडेन. पण एवढ्यावर भागवून मोकळं धावणं अजिबात नको, असं समजू नका. ही जात वेगाने पळण्यासाठीही जन्मली आहे आणि रोज कधीतरी चारही पाय मोकळे सुटले पाहिजेत. फक्त ती दिवसातली एक गोष्ट असावी, एकमेव नव्हे.

शोधण्याच्या खेळांत घातलेला प्रत्येक दाणा रोजच्या वाट्यातूनच काढा. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर घटकांची यादी वाचा : झायलिटॉल हा गोडवा आणणारा घटक कुत्र्यांना विषारी आहे.

थांबणं, म्हणजे या जातीचा विसरलेला गुण

पॉइंटर म्हटलं की लोकांना पळणं आठवतं. मला त्याचं थिजणं आठवतं : एक पुढचा पाय उचललेला, शेपूट ताठ, सगळं अंग नाकाच्या टोकाशी गोळा झालेलं. ज्या कुत्र्याच्या रक्तात एवढं थांबणं आहे, त्याला 'शांत बसता येत नाही' असं आपण म्हणतो, हे जरा अन्यायाचंच.

ते रोजच्या आयुष्यात आणायचं. जेवणाचं भांडं खाली ठेवताना दोन सेकंद, मग पाच, मग दहा. दार उघडल्यावर उंबऱ्याशी थांबून तुमच्याकडे एक नजर. घरात एक चटई ठरवा. तिच्यावर तो आपणहून पडला की काही न बोलता खाऊ तिथेच ठेवा. 'जा' म्हणून पाठवणं नंतर. आधी त्या जागेवर पडून राहण्यात फायदा आहे हे त्याला कळू दे. श्वास लांबला, कंबर एका बाजूला कलली, हनुवटी टेकली, की खाऊ. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेक जण तो सोडून देतात.

बाहेर पक्षी दिसला आणि तो थिजला, तर लगेच ओढून नेऊ नका. दोर सैल ठेवून शेजारी उभे राहा, हळू आवाजात 'शाब्बास, थांब' म्हणा. त्याने क्षणभर जरी तुमच्याकडे मान वळवली, तरी चांगला खाऊ द्या आणि पुन्हा बघू द्या. बघायला परवानगी, पाठलागाला नाही. काही आठवड्यांत बरेच कुत्रे पक्षी दिसला की आधी पक्ष्याकडे, मग तुमच्याकडे बघायला लागतात. ओढून नेलेला कुत्रा मात्र एवढंच शिकतो की दोर ताणला जाण्याआधी घाई करायला हवी.

हाक मारली तरी येत नाही

ही याच तक्रारीची दुसरी बाजू. घराच्या आत नावावर उड्या मारत येणारा कुत्रा मैदानावर बहिरा होतो, कारण तिथे त्याला मोबदला दुसरीकडून मिळतो. प्रत्येक पाठलाग हाच पगार, शिकार हाती लागो वा न लागो. महिनाभर मेहनत करून एक दिवस 'आता सुधारलाय' म्हणून दोर काढला आणि त्याने खारीमागे मनसोक्त धाव घेतली, तर हिशेब पुन्हा मागे जातो. क्वचित, अनपेक्षित मिळणारं बक्षीसच सवय सगळ्यात घट्ट करतं. तक्रार परत येण्याचं हे फार मोठं कारण आहे.

म्हणून १० मीटरचा लांब दोर, तोही गळपट्ट्याला नाही, हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला. धावत्या कुत्र्याच्या मानेला झटका बसणं धोक्याचं. हातात मोजे घाला, दोराचा वेढा बोटांना किंवा मनगटाला कधीच घेऊ नका. हाक एकदाच. पाच वेळा मारलेली हाक म्हणजे पहिल्या चार वेळा न आल्याचं प्रशिक्षण. नावाऐवजी शिट्टी वापरलीत तर बरं, कारण शिट्टीत तुमची चीड ऐकू येत नाही. आला की खाऊ द्या आणि 'जा, हुंग' म्हणून पुन्हा सोडा. दहा हाकांपैकी नऊ अशा असाव्यात, की आल्यावर मजा संपत नाही. उशिरा आला म्हणून रागावलात तर पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. त्याच्या दृष्टीने शिक्षा येण्याची झाली, उशिराची नाही.

सगळं केलं आणि तरी परत सुरू झालं

होतं. कारणं बहुधा या चार-पाचांतलीच असतात. कुईकुई केल्यावर मिळणारं लक्ष बंद केलं, की आधी कुईकुई वाढते. पूर्वी चालणारी युक्ती चालेना, तर कुणीही आधी जोर लावून पाहतो. नेमक्या त्या वाढलेल्या दिवशी घरातलं कुणी 'बिचारा' म्हणून चेंडू काढतं आणि कुत्रा शिकतो की जास्त ओरडल्यावरच मिळतो. त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं आधी एकमत करा. ते कुत्रा शिकवण्यापेक्षा कठीण असतं.

दुसरं वय. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत शिकलेलं पुसल्यासारखं होतं. ते पुसलेलं नसतं. दोर पुन्हा लावा, धडे सोपे करा, वाट बघा. तिसरं, पावसाची झड किंवा उन्हाळा लागला की बाहेरचं कमी होतं आणि त्या जागी काहीच येत नाही. अशा दिवसांत घरातले वासाचे खेळ दुप्पट करा. आणि काही दिवस काहीच न करण्याचेही हवेत. एखाद्या दिवशी पळापळ जास्त झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी नुसतं रमतगमत हुंगत फिरणं ठेवा.

एकटं ठेवल्यावरची मोडतोड हे प्रकरण वेगळं असू शकतं. पॉइंटर माणसाला चिकटून राहणारी जात आहे. बाहेर पडताना मोबाइल लावून चित्रण करा. कंटाळलेला कुत्रा आधी झोपतो, मग काही वेळाने हाताशी लागेल ते चघळतो. घाबरलेला कुत्रा तुम्ही गेल्यापासून काही मिनिटांतच येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, दाराची चौकट कुरतडतो आणि ठेवलेल्या खाऊला तोंड लावत नाही. दुसऱ्या प्रकाराला वरचे कुठलेच खेळ पुरत नाहीत. तिथे एकटं राहण्याची सवय अगदी सेकंदांपासून वाढवावी लागते, आणि कधी कधी डॉक्टरांनी दिलेलं औषधही.

पळवण्याच्या दोन मर्यादा पाठ असू द्या. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, म्हणून भरल्या पोटी धावणं नको, जेवणानंतर निदान तासभर तरी विश्रांती. ओकारीसारखं करतोय पण बाहेर काही येत नाही, पोट टणक, जीव कासावीस, असं दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका. तासांचा प्रश्न असतो. आणि उष्णता : कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ४१ च्या वर गेलं तर जीवघेणं. ही जात स्वतःहून थांबत नाही, तुम्हीच थांबवायचं. लडखडला, हिरड्या लालभडक झाल्या, तर अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला, आणि मगच गाडीत घाला.

तुमच्याकडे दुसरी शिकारी जात असेल तर मोजमाप तेच, कपडा वेगळा. बीगलला नाकाचं काम जास्त आणि मोकळं सोडणं फार जपून. ग्रेहाउंडसारख्या नजरेने शिकार करणाऱ्याला थोड्या वेळाची जोरदार धाव आणि मग गादी. लॅब्रॅडॉरला उचलून आणायला काहीतरी, टेरियरला उकरायला मातीचा कोपरा.

सहा-आठ आठवडे नेमाने करूनही फरक पडत नसेल, किंवा चावणं खरं व्हायला लागलं असेल, किंवा तो शेपटीमागे, सावलीमागे फिरत राहून हाकेने थांबत नसेल, तर वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. जाताना दोन-तीन दिवसांचे व्हिडिओ आणि झोप-जेवण-फिरण्याच्या वेळा लिहून न्या. दवाखान्यात गेल्यावर तो बहुधा अगदी शहाण्यासारखा बसून राहील.